वाऱ्याशी ओळख ठेवणारी

चैत्रातल्या दुपारी कडुलिंबाचा मोहोर गच्चीवर पिठासारखा सांडलेला असे आणि पश्चिमेकडून आलेल्या एखाद्या चुकार झुळुकीने वेळूचे पाच पोकळ तुकडे एकमेकांना स्पर्शून जात. तो नाद कोरडा होता, पण दूरच्या विहिरीत कुणी घागर बुडवावी तसा त्याच्या तळाशी कुठेतरी ओलावा होता. विशाखा मला आधी अशी ऐकू आली. दिसली ती नंतर, अंगणातल्या नळावर, ओंजळभर पाणी डोळ्यांवर धरून उभी असलेली.

लातुरातल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या तिने भाड्याने घेतल्या होत्या. माती तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. शेतकरी पिशव्यांतून आणत ती काळी, करडी, चुनखडीची माती दिवसभर हाताळल्याने तिच्या नखांच्या कडांना सदैव एक सावळी रेघ असे. चाकूर तालुक्यातल्या बौद्ध कुटुंबातली ही एकुलती लेक. आई वारलेली, वडील गावीच निवृत्त शिक्षक. मी मराठी शिकवून निवृत्त झालेली, शिवभक्त व्यापाऱ्यांच्या घरातली विधवा. सकाळच्या पूजेतली घंटा वाजल्याखेरीज माझा दिवस उजाडत नसे.

तिच्या गच्चीत चार दिशांना चार नाद टांगलेले होते. पूर्वेला पितळी घंटिकांचा झुबका, दक्षिणेला भाजलेल्या मातीच्या चकत्या, पश्चिमेला बुरुडाकडून कापून आणलेला वेळू, आणि उत्तरेला गुरांच्या बाजारातून आणलेली, कुण्या बैलाच्या गळ्यात झिजलेली लोखंडी घंटा. ऋतू पालटला की त्या दिवशी सूर्योदयाला ती गच्चीत अनवाणी उभी राही आणि एकेका दिशेला जाऊन एकेक नाद हाताने जागा करी. मंत्र नाही, नैवेद्य नाही, मूर्ती नाही. शेवटचा नाद विरेपर्यंत डोळे मिटून उभी राहायची आणि मग खाली येऊन चहा टाकायची, इतकेच. पुण्यात शिकताना तिला काही मैत्रिणी भेटल्या होत्या. परदेशी माणसांनी नव्याने आपलीशी केलेली निसर्गपूजेची जुनी रीत त्या आपापल्या घरी, आपापल्या परीने पाळत. तिथून हे आले होते.

"पण पूजा कुणाची गं?" मी एकदा विचारले.

"कुणाची नाही, मावशी," ती म्हणाली. "वाऱ्याशी ओळख ठेवते."

हे बोलताना तिची मान किंचित कलली, जणू कुणी पलीकडून हाक मारणार आहे आणि ती हुकू नये. तिच्या साऱ्या असण्याला अशी एक ऐकण्याची ढब होती. हरभऱ्याच्या शेतावर पडणाऱ्या पौषातल्या उन्हासारखी ती होती: अंगाला लागत नसे, पण असे.

मार्गशीर्ष लागला आणि तिच्या वडिलांच्या डोळ्यांचे ऑपरेशन ठरले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकेक करून काढायचा म्हणजे महिनाभर तरी त्यांचा मुक्काम लेकीकडे. ते येण्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसली.

"अण्णांना हे चालायचं नाही, मावशी. आमच्या घरात देव नाही, घंटा नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून."

"मग काढून ठेव महिनाभर. त्यांना काय कळतंय?"

"खोटं घर दाखवू का त्यांना?" असे म्हणून ती उठली, आणि घंटा तशाच राहिल्या.

अण्णा आले. ताठ कण्याचे, पांढऱ्याशुभ्र सदऱ्याचे, दृष्टी धूसर झाल्याने पायरी पायाने चाचपणारे गृहस्थ. त्या दिवसांत वारा पूर्वेकडून वाहतो. ते गच्चीतल्या खाटेवर टेकले, मी वर चहा घेऊन गेले, आणि नेमका पितळेचा झुबका बोलू लागला: तोच गाभाऱ्यातला, चकाकता, जरासा ऐटबाज आवाज. अण्णांच्या हातातली बशी थांबली.

"हे काय टांगलंस, विशाखा?"

"घंटा आहेत, अण्णा. वाऱ्याच्या."

"घंटी." तो शब्द त्यांनी हळूच खाली ठेवला. "तुझ्या आजीनं देवळाम्होरलं आंगण जन्मभर झाडलं. घंटी रोज ऐकली. हात लावायची सोय न्हवती. ती घंटी आपण सोडली, मान वर करून सोडली. अन् तू ती घरात आणलीस?"

रागाने बोलले असते तर सोसले असते. ते दुखावून बोलले. संध्याकाळी, क्षितिज तांबूस होत असताना, तिने चारही नाद उतरवले आणि जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवले. मी जिन्यात उभी होते. दुसऱ्या दिवशी पूजेला बसले आणि घंटा हाती घेतली, तेव्हा आयुष्यात प्रथमच तिचे वजन मला जाणवले. इतकी वर्षे मी ती वाजवली. माझ्या माहेरच्या देवळाबाहेर ती नुसती कोण ऐकत होते, हे विचारण्याची मला कधी गरजच पडली नव्हती.

मग काही दिवस वरून नुसते मौन उतरत राहिले. पहिला डोळा झाला. काळा चष्मा लावून अण्णा उन्हात बसत आणि विशाखा ठरल्या वेळी त्यांच्या डोळ्यांत थेंब घाली. तिची बोटे त्यांच्या कपाळावर टेकत, तेव्हा दोघांच्या मधला अबोला पापणीइतका पातळ होई. पण तुटत नसे. ती बारीक झाली होती. ऋतुबदलाचा दिवस आला आणि गेला; ती सूर्योदयाला गच्चीत जाऊन मोकळ्या खुंट्यांकडे पाहून परतली. अण्णांना तिची पावले ऐकू आली असावीत.

त्या दुपारी मी शेंगा सोलत त्यांच्यापाशी बसले होते. ते एकाएकी म्हणाले, "का लावल्या होत्यास, ते सांग तरी. मी इचारलंच न्हाई."

ती खाली बसली. "आई गेली तेव्हा मी पुण्याहून पोचेपर्यंत सगळं आवरलं होतं, अण्णा. तुम्ही रडला नाहीत, म्हणून मीही रडले नाही. परत गेले, पण बोलवेना. मैत्रिणीच्या खिडकीत वेळू टांगलेला होता. एका दुपारी तो वाजला. खोलीत कुणी नव्हतं, तरी कुणीतरी आल्यासारखं झालं. तेव्हा रडू आलं मला. सहा महिन्यांनी."

अण्णांनी चष्म्याखालून डोळा टिपू पाहिला. तिने हात धरून रोखले. "पाणी लागू द्यायचं नाही तिथं."

मग त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. "ह्यानं संकट टळतं म्हनतीस का?"

"नाही."

"पुजारी लागतो?"

"नाही."

"कुनाला शिवू नको म्हनतेत?"

"नाही, अण्णा. कुणीही वाजवावी."

"आन इकडं ती बांधलेली ओढणी."

ओढणी त्यांच्या मांडीवर उघडली गेली. धूसर डोळ्यांच्या त्या माणसाने एकेक वस्तू बोटांनी वाचली: वेळूची पेरे, मातीचा खरखरीतपणा, लोखंडाची झीज. पितळेपाशी बोटे मागे सरली. "हे तिन्ही लाव. ही नको. तुझं खरं असंल, पण हिचा आवाज मला देवळातलाच लागतो."

तिने मान हलवली. आपले खरे आणि त्यांचे खरे यांत तिने तुलना केली नाही. पूर्वेची खुंटी मोकळी ठेवली आणि पितळी झुबका माझ्याकडे दिला. वितळवून घ्या, म्हणाली. त्याचे मी फुलपात्र करून घेतले.

दोन्ही डोळे नवे घेऊन अण्णा गावी परतले. फाल्गुन सरता सरता एका सकाळी रिक्षा थांबली आणि ते उतरले, खांद्यावर गोणपाटाचे जड गाठोडे. ते ज्या शाळेत शिकले आणि पुढे शिकवायलाही लागले, तिथे आता विजेची घंटा बसली होती. जुना काशाचा टोल, ठोके द्यायची ती जाड तबकडी, अडगळीत पडला होता. तो त्यांनी मुख्याध्यापकांकडून रीतसर मागून आणला होता.

"तुझ्या पूर्वेला," ते म्हणाले. "शाळेच्या ह्या घंटीनं मला आत बोलावलं होतं. सगळ्यांनाच बोलवायची."

तो टोल वाऱ्याने हलणार नव्हता. खुंटीच्या जागी लोखंडी कडी ठोकावी लागली. हात लागल्यावाचून तो बोलत नव्हता, आणि बहुधा तेच अण्णांना हवे होते. विशाखाने लाकडी हातोडा आधी त्यांच्या हाती दिला. त्यांनी एकच ठोका दिला, विशाखाच्या आईचे नाव मनात घेऊन असावा. कारण नाद विरेपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. मग हातोडा माझ्यापुढे धरून म्हणाले, "बाई, तुमी बी."

मी ठोका दिला. तो गंभीर, विस्तीर्ण नाद शेजारच्या छतांवरून, चिंचेच्या माथ्यावरून सरकत गेला, आणि विशाखा बापाच्या खांद्याला टेकून मोठ्याने, मोकळी हसली. तिला असे हसताना मी प्रथमच पाहिले.

गेल्या वर्षी तिची बदली नांदेडला झाली. सामानात सर्वात जड तो टोल होता. तिथेही तिने चार दिशा मांडल्या आहेत; दर ऋतूच्या आरंभी अण्णा एसटीने जातात, आणि आता तेच तिला फोन करून विचारतात, "कधी पालटतोय ग ऋतू?" माझ्या माथ्यावरच्या खोल्यांत सध्या कुणी राहत नाही. पण कधी कधी मी कामातून थांबते, मान किंचित कलते, आणि ध्यानात येते की ही ढब माझी नव्हे. माणूस दूर जाताना आपल्या देहात स्वतःची एखादी सवय ठेवून जातो, आणि काळ ती इतक्या मायेने सांभाळतो की पुढे पुढे आठवण कुठे संपते आणि आपण कुठे सुरू होतो, हे आपले आपल्यालाही सांगता येत नाही.