अप्पांचे ओठ आधी हलायचे

मी एक जुना आरसा आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या कडेचा पारा उडाला आहे आणि खालच्या कोपऱ्यात बघाल तर तुमची हनुवटी दिसणारच नाही. मित्रांनो, आरसा म्हटला की तुम्हाला तोरा आठवत असेल. तो माझ्यातही होता. आता उरला आहे तो संकोच.

माझी काच नांदेडला वजिराबादच्या एका दुकानात कापली गेली. तिला सागवानी चौकट बसली आणि एका लग्नात आंदण म्हणून मी लातूरला आलो. नवरीने माझ्यात बघून कुंकू लावलं, नणंदांनी वेण्या घातल्या, सगळ्यांनी मला नावाजलं. पुढे घरात भिंतभर आरशाचं कपाट आलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तीच नवरी, तारामती मॅडम, आता एका कॉलेजात शिकवतात. एके दिवशी त्यांनी मला चादरीत गुंडाळून ऑटोत घातलं.

त्या कॉलेजच्या तळमजल्यावर वाचा आणि श्रवणदोषांचा पदवी अभ्यासक्रम चालतो आणि वरच्या मजल्यावर डिजिटल आर्ट अँड डिझाइनचा. मला खालच्या खोलीत टांगलं. बोलायला अडचण असलेली माणसं तिथे येत. विद्यार्थी त्यांना माझ्यासमोर बसवून जीभ कुठे लागते, ओठ कसे मिटतात ते दाखवत. नवरीचं कुंकू पाहिलेला मी, आणि आता माझ्यापुढे लोक जिभा काढत होते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग उदगीरचे किराणा दुकानदार गुरुलिंगअप्पा आले. कपाळावर विभूती, खांद्यावर रुमाल, मागे मान खाली घातलेला मुलगा.

"हा माझा लेक श्रीशैल," अप्पा म्हणाले. "वरच्या मजल्यावर डिजिटल आर्ट करून राहिला. कंप्युटरसमोर बोलायचं काम न्हाई म्हणून घातलं. बोलायला अडकतंय त्याला. काय इचारायचं ते मला इचारा."

खोलीत अक्षरा होती. ती तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तिने श्रीशैलकडेच बघून विचारलं, "तुझं गाव कोणतं?"

"उदगीर," अप्पा म्हणाले.

"काका, मी त्याला विचारलं."

"हाव, पर त्याला वेळ लागते ना."

माझ्यात दोघांचे चेहरे शेजारी शेजारी दिसत होते. लेकाचे ओठ विलग व्हायच्या आत बापाचे ओठ हलायचे. अप्पा काही दुष्ट नव्हते. दुकानात गिऱ्हाईक पोराला हसलं की त्यांच्या काळजात कळ यायची. म्हणून शाळेत, लग्नकार्यात, पाहुण्यांत, सगळीकडे ते स्वतःच उत्तर देऊन मोकळे व्हायचे. त्यात माया होती आणि चारचौघांची लाजही होती. श्रीशैलने हळूहळू बोलायचा प्रयत्नच सोडला होता.

पुढच्या वेळेपासून तो एकटा येऊ लागला. त्याला परीक्षेसाठी हलत्या चित्रांची छोटी चित्रफीत करायची होती. पात्र बोलताना त्याचं तोंड कसं दिसतं हे काढायला आरसा लागतो. मांडीवर टॅब्लेट ठेवून तो माझ्यात बघे आणि एकेक तोंड काढी. शब्द अडला की त्याचे डोळे घट्ट मिटत, मान थरथरे. तेव्हा तो माझ्याकडे पाठ फिरवी. मलाही त्याच्यासमोर असण्याची लाज वाटे, पण आरशाला डोळे मिटता येत नाहीत.

"आवाज मित्राचा घेतो," तो एकदा अक्षराला म्हणाला. हे एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. ती मधे बोलली नाही.

मग ती म्हणाली, "तोंड तुझं आणि आवाज दुसऱ्याचा? तुझ्या मनात काय आहे ते सांग."

"अप्पांसमोर... एकदा... माझं नाव मला सांगायचंय."

त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाठ फिरवली नाही. अडलेलं तोंडही त्याने काढलं, मिटलेल्या डोळ्यांसकट.

परीक्षेच्या प्रदर्शनाच्या दिवशी त्याने मला उचलून पडद्याच्या खाली, लोकांकडे तोंड करून ठेवलं. पाहुण्यांनी आपापले ओठ बघावेत म्हणून. अप्पा दुसऱ्या रांगेत बसले होते. मला पडदा दिसत नव्हता, पण अप्पा समोरच दिसत होते.

चित्रफीत सुरू झाली. त्यात किराणा दुकान आहे, हे मी खालच्या खोलीत ऐकलं होतं. गिऱ्हाईक विचारतं, "काय रे, नाव काय तुझं?" मग काहीच नाही. पडद्यावरचं पोर अडलं होतं.

आणि अप्पा मोठ्याने बोलून गेले, "श्रीशैल!"

मागे दोघंतिघं हसली. पडद्यावरचा आवाज मात्र थांबला नव्हता. "श्... श्... श्रीशैल." पोराने आपलं नाव आपणच पुरं केलं.

अप्पांना माझ्यात स्वतःचं उघडं तोंड दिसलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. माझ्यावर कोणीतरी चादर टाकावी असं मला वाटलं. एका बापाला त्याची चूक भर सभेत दाखवायची, याहून लाजिरवाणं काम मी आजवर केलेलं नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी श्रीशैलला विचारलं, "हे दुकान कोणाचं?"

तो अडला. अप्पांचे ओठ हललेच. पण त्यांनी खांद्यावरचा रुमाल ओढून तोंडात धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी रुमाल सोडला नाही.

"आमचं," श्रीशैल म्हणाला.

सगळे गेल्यावर अप्पा त्याच्याजवळ आले. मान वर होत नव्हती. "लोकं हसतील म्हणून तुझं नावबी म्याच घेत आलो रे," ते म्हणाले.

श्रीशैल उत्तर द्यायला लागला आणि पहिल्याच शब्दाला अडला. अप्पा थांबले.

मित्रांनो, मला फडक्याने पुसलं नाही तरी माझी तक्रार नाही. पण समोरच्याचा शब्द अडला तर तो त्याच्या तोंडातून काढून घेऊ नका. मायेपोटी तर मुळीच नको. तो शब्द त्याचा आहे. तुमच्याकडे फक्त थोडा वेळ असू द्या.