बांधीत गेलेला ओमेश्वर

कामठ्याच्या चैनलाल आणि गिरजाचा एकुलता एक मुलगा ओमेश्वर काविळीने गेला, तेव्हा दोघं एकमेकांना धरून रडले होते. पुढे गिरजाला विसरण्याचा आजार जडला. आधी भाजीत दोनदा मीठ पडू लागलं, मग ती घरची वाट चुकू लागली आणि शेवटी मुलाचं जाणंही विसरली.

"ओमेश्वर काऊन नाही आला?" ती विचारायची. चैनलाल खरं सांगायचा आणि ती जणू पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऊर बडवून घ्यायची.

गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, "औषधानं हे बरं होणार नाही, फार तर हळू वाढेल. त्यांना पुन्हा पुन्हा दुःख देऊ नका. मन शांत राहील असं बोला."

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने पुन्हा विचारलं.

"बांधीत हाय," चैनलाल म्हणाला. "धानाले पाणी देऊन राहिला."

गिरजाचा चेहरा निवळला. कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली. चैनलालचे डोळे मात्र वाहू लागले. आता मुलासाठी रडायला तो एकटाच उरला होता.

गिरजाने पदराने त्याचे डोळे पुसले.

"पोरगा बांधीत गेला म्हणून कोनी रडते का जी?" ती म्हणाली.