मेळघाटच्या गुहेतलं वांगं

उत्तमरावचं नाव काढलं की चंद्रभान मास्तराच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि का जाऊ नये? परतवाड्याच्या पुढे, मेळघाटातल्या गुहेतून माती उपसली चंद्रभानने. जळालेलं बी कुजत नाही, माती पाण्यात कालवली की वर तरंगतं, हे ताडून हजारो वर्षांपूर्वीचे कुळीथ वेचले त्यानेच. आणि नागपुरात विद्वानांपुढे मिरवलं कोणी? त्याच्याच शाळेतल्या उत्तमराव मास्तराने! मेल्याने चंद्रभानचं साधं नावसुद्धा घेतलं नाही. वर परत येऊन म्हणतो, "अजून माती आन ना गड्या."

"आनतो की," चंद्रभान गोड हसला. भरल्या सभेत याच्या तोंडून 'हे चंद्रभानचं' एवढं वदवून घेईन, नाहीतर याला तोंड काळं करायला लावीन, अशी त्याने मनाशी गाठच बांधली.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरी त्याने चुलीवर मिरचीचं बी जाळलं. घरभर ठसका उठला. बायको कौशल्या नाकाला पदर लावून आली. "काहून जी, कोनाची नजर काढून राहिले?"

"उत्तमरावची," तो खोकत म्हणाला. "लय मिरवून राहिला ना!"

चंद्रभान माळ्याचा पोरगा. मिरचीचं बी वांग्याच्या बियासारखंच दिसतं, फक्त त्याच्या टोकाला बारीक चोच असते, आणि उतावळा माणूस ती चोच पाहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. जळकं बी त्याने गुहेच्या मातीत मिसळलं आणि ती माती उत्तमरावसमोरच पाण्यात कालवली. बी वर आलं तसा उत्तमराव उडालाच. "अरे, हे तं वांगं! वऱ्हाडातलं सगळ्यात जुनं वांगं!"

अकोल्यात सभा भरली. मध्यप्रांताचे वनस्पतितज्ज्ञ साहेब मुद्दाम नागपूरहून आले. उत्तमराव वांग्यावर भरभरून बोलला. मग चंद्रभान उठला. "साहेब, भिंगातून त्या बियाची चोच पाहा. मिरची आहे ती. मिरची तर फिरंग्यांनी जहाजातून आणली, मग त्या काळात गुहेत कशी पोचली?"

साहेबांनी भिंग लावलं आणि होकारार्थी मान डोलावली. सभा खो खो हसली. उत्तमराव पांढराफटक पडला, आणि चंद्रभानच्या काळजाला थंडावा मिळाला.

पण साहेब हसले नाहीत. "ही माती कोणीतरी मुद्दाम नासवली आहे. त्या गुहेतलं आता काहीच खरं धरता येणार नाही. आधीचे ते कुळीथसुद्धा खरे धरता येणार नाहीत. कोणी आणली ही माती?"

उत्तमराव ताडकन उठला. भरल्या सभेत बोट दाखवून ओरडला, "या चंद्रभाननं! माती त्याची, बी त्याचं, कुळीथबी त्याचेच. सारं चंद्रभानचंच हाये!"