चढावर नेऊन बघा मला

हो, मीच बोलतेय, या झाडाखाली उभी असलेली पांढरी छोटी गाडी. काचेवर ‘विकणे आहे’ अशी पाटी आहे, म्हणून माणसं थांबतात, टायरला लाथ मारतात आणि निघून जातात. लाथ मारून काय कळतं, ते इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मीही झकपक होते. पहिला मालक दातांचा डॉक्टर. त्याने मला लेकीसारखं जपलं. मग त्याने मोठी गाडी घेतली आणि मी त्याच्या पुतण्याकडे गेले. पुतण्याला मला पळवायला आवडे. पाणी, ऑइल बघायला मात्र वेळ नसे. त्याच्याकडेच माझा रेडिएटर गळू लागला. तो मला विकून मोकळा झाला आणि मी जुन्या गाड्यांच्या दलालाच्या दारात आले.

दलालाने गळती काढली नाही, बुजवली. रेडिएटरमध्ये कसलीशी पावडर ओतली, इंजिन धुऊन चकचकीत केलं, आत अत्तराची बाटली टांगली. वरून कीर्तन, आतून तमाशा!

तिथे ती आली, माझी आत्ताची मालकीण. घरोघरी जाऊन मापं घ्यायची, पडदे शिवून लावून द्यायचे, हा तिचा धंदा. पडद्यांचे लांब दांडे बघून भाड्याच्या गाडीवाले नाक मुरडत. नवी गाडी झेपणारी नव्हती, म्हणून जुनी. सोबत बहिणीचा नवरा होता.

“आमच्या भाऊजींना गाड्यांतलं फार कळतं,” ती दलालाला म्हणाली.

भाऊजींनी बॉनेट उघडलं, हात पाठीमागे बांधले आणि मान डोलावली. “इंजिन एकदम स्वच्छ आहे गं.”

अहो, धुतलंय म्हणून स्वच्छ आहे! मी आतल्या आत किंचाळले. माझ्याकडे आवाज म्हणजे हॉर्न, तोही दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

तिने स्वतःची टेप काढली, मागची सीट पाडली आणि दांडा तिरका मावतो का ते मोजलं. मावत होता. तिचा चेहरा असा उजळला, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चक्कर मारून बघा ना, ताई,” दलाल म्हणाला. चक्कर म्हणजे कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. तेवढ्यात मी कशाला तापते? मग भाऊजींनी सीटच्या कव्हरांवरून घासाघीस केली, दलालाने नवी कव्हरं फुकट दिली, आणि सौदा जिंकल्याच्या थाटात सगळे घरी आले.

पहिलंच मोठं काम टेकडीवरच्या बंगल्यात होतं. पाहुणे यायच्या आत पडदे लागायला हवे होते. अर्ध्या चढावर माझा काटा लाल रेघेत गेला, बॉनेटमधून वाफ उसळली. पडदे माझ्या पोटात आणि ती रस्त्यावर. बंगल्यातल्या बाईंनी पुढचं सगळं काम दुसरीला दिलं.

तिने माझ्या टपावर थाप मारली. “तुझ्यावर भरवसा ठेवला होता गं मी!”

दलाल म्हणाला, “जुनी गाडी आहे, दुखणी असणारच.” भाऊजी म्हणाले, “मला तेव्हाच शंका आली होती.”

रेडिएटर बदलला. पण पावडरीचा गाळ आत बसलेला. मग पाण्याचा पंप गेला, मग नळ्या. दर वेळी मेकॅनिक म्हणे, “आता बघायला नको.” शेवटी तिच्या नवऱ्याने ही पाटी लावली.

आज सकाळी एक निवृत्त मास्तर मला बघायला आले. “विचारल्याशिवाय काही बोलू नकोस,” असं नवऱ्याने तिला बजावलं होतं. तिने सगळं सांगितलं. रेडिएटर, पंप, पावडर. “आता नीट चालते. तरी एकदा चढावर नेऊन बघा.”

अखेर कुणीतरी बोललं! मास्तर तिच्याकडे बघत राहिले. “बाई, विकणाराच एवढं सांगतो, म्हणजे न सांगितलेलं केवढं असेल!” म्हणाले, आणि थेट त्याच दलालाकडे गेले. तिथे एक स्वच्छ गाडी आलीय म्हणे.

“कोणी सांगितलं होतं हरिश्चंद्र व्हायला?” नवरा करवादला.

“मी फसले म्हणून दुसऱ्याला फसवू? नाही जमत मला!” तिने माझं दार असं आपटलं, की आरसा थरथरला.

आता ती दांडे भरतेय. कामावर जायचंय आम्हाला, पाटीसकट. जाता जाता एवढंच सांगते. माझ्यासारखी जुनी गाडी घ्यायला गेलात, तर वासावर आणि कव्हरांवर जाऊ नका, तिला तापू द्या. आणि विकणारी खरं बोलली, तर तिच्याकडे संशयाने बघू नका. खोट्याला तुम्ही रोख मोजता. खरं मात्र ती फुकट सांगत होती.