नराचा हिरवा

डब्याच्या झाकणाला आतून चिकटलेली रंगाची साय तो सुरीने खरवडत होता, तेव्हाच दवाखान्यातून फोन आला होता... पलीकडून विचारत होते, सोबत घरचं कुणी आहे का, आणि तो सुरीच्या टोकावर साय तशीच धरून म्हणत राहिला, मीच घरचा, बोला ना.

आज गॅरेजला न जाता तो गेलेल्या बायकोच्या टेबलाशी बसला होता. समोर बरणीतला नर मासा, बोटभर, उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरट. स्पिरिटमध्ये रंग उडतो, ती म्हणायची, म्हणून मासा जिवंत असतानाच डोळ्यांत भरून घ्यायचा. प्रवाळात राहणाऱ्या रंगीत रॅस माशांचा हा एक गट. त्यातल्या सगळ्या जाती तिने पुस्तकासाठी रंगवल्या – प्रत्येकीची मादी आणि नर. शेवटच्या जातीची मादी झाली, नारिंगी, शेपटीशी काळा ठिपका. नर नुसता पेन्सिलीत.

"भाऊजी, अख्ख्या शहराच्या गाड्या रंगवता," मेहुणी चहा ठेवत म्हणाली, "आणि एवढ्याशा माशापुढे घाम फुटला?"

"गाडी समोर असते गं."

"पुस्तकवाल्या बाई उद्या दुसऱ्या कुणाला देणार चित्र. मग ताईच्या नावाशेजारी त्याचं नाव. चाललं असतं तिला?"

नसतंच चाललं. पण मी काय करू? चेपलेल्या दाराशेजारचा पत्रा बघून मी रंग जुळवतो, उन्हाने विटलेलासुद्धा – इथे शेजारचा पत्रा कुठाय? मादी आहे, पण हे नर आधी माद्याच असतात म्हणे, मोठ्या झाल्या की रंग पालटतात. पालटून कुठला? जेवताना तिने सांगितलं होतं, हात हवेत फिरवत – पाठ हिरवी, पण पानासारखी नाही, म्हणजे बघ... पुढचं ऐकूच येत नाही. हात तेवढा दिसतो, मनगटावरची सैल बांगडी दिसते. नको ते सगळं लख्ख आठवतं!

त्याने कागदाच्या तुकड्यावर हिरवे लावून पाहिले. पहिला बसचा. दुसरा दवाखान्याच्या पडद्याचा. तिसरा बरा होता, आणि त्याचाच त्याला संताप आला. बाईंनी तो घेतला असता, मेहुणीने वा म्हटलं असतं, छापून आला असता... आणि मग तिचा हिरवा म्हणून मलाही हाच आठवायला लागला असता.

त्याने तुकडा चुरगळला. ब्रश धुतला.

"झालं का हो?" आतून मेहुणीने विचारलं.

बाईंना काय कळवायचं ते ठरलेलं नाही. नराला रंग द्यायचा राहिला आहे.