कुंकू लागलेला डोंगल

मी एक जुना डोंगल आहे. हसू नका मित्रांनो, नाव काही मी स्वतः ठेवून घेतलेलं नाही! अंगठ्याच्या नखाएवढा माझा जीव. मला कॉम्प्युटरच्या पाठीमागं खोचतात आणि राउटरकडून हवेतून येणारं इंटरनेट मी पकडून त्याला देतो. मी नसलो तर ते एवढं मोठं धूड नुसता उजेड पाडत बसतं.

उमरग्याच्या दुकानातून श्रीशैलनं मला मुरूमला घरी आणलं. त्याचे वडील कल्याणप्पा किराणा दुकान चालवतात. आई प्रेमाबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. पण त्यांचे हात असे बोलके की काय सांगू! घरातल्या प्रत्येकाला त्यांनी हातानं नाव दिलेलं. मिशीला पीळ दिला की कल्याणप्पा. केसांची बट कानामागं सारली की लेक उमादेवी, कारण तिची ती सवयच. माणसाची लकब बघितल्याशिवाय त्या नाव ठेवत नसत.

उमादेवी लग्न होऊन पार आसामला गेली. रोज संध्याकाळी ती मोठ्या पडद्यावर यायची आणि मायलेकी हातांनी गप्पा मारायच्या. प्रेमाबाईंना काचबिंदू. मोबाईलवरची बोटं त्यांना दिसायची नाहीत, म्हणून घरात माझा थाट होता. लेक माझ्यामुळं दिसते हे श्रीशैलनं त्यांना दाखवलं होतं. बोलणं झालं की त्या मागं हात घालून मला कुरवाळायच्या. मला लई बरं वाटायचं.

त्या वर्षी उमादेवीला दिवस गेले होते. इकडं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, राहिलेली नजर दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली. प्रेमाबाईंनी एकच धरलं होतं, नातवंड डोळ्यांनी बघायचं आणि त्याला नाव द्यायचं.

खंडेनवमी आली. दुकानातल्या तराजूची, विळीची, मोटारसायकलची पूजा झाली. प्रेमाबाईंनी मलाही उपसून ताटात मांडलं. ओल्या फडक्यानं पुसलं, विभूती लावली, ओलं कुंकू लावलं, हात जोडले आणि परत जागेवर खोचलं. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता. पण ते कुंकू माझ्या पत्र्याच्या तोंडात गेलं आणि माझा आवाजच बसला, इंटरनेट बंद पडलं.

आठवड्यात उमादेवीला मुलगी झाली. पडदा मात्र कोराच. श्रीशैलनं राउटर बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा घातला, कंपनीला फोन केला. तिथून उत्तर आलं, आमच्याकडून सगळं ठीक आहे. दुरुस्तीवाला आला, आतलं सगळं पुसून नवं भरून गेला. मागं वाकून मात्र कुणी बघितलं नाही. श्रीशैलनं बाळाचा फोटो मोठा छापून आणला. प्रेमाबाईंनी तो नाकाशी नेला आणि बाजूला ठेवला. झोपलेल्या पोरीची लकब कशी कळणार?

त्या रोज सकाळी माझ्याजवळ येऊन मला उपसायच्या, ओलं कुंकू लावून परत खोचायच्या. मी चालू व्हावं म्हणून. मी आतून ओरडत होतो, पण मलाही वाचा नाही, त्यांनाही नाही. त्या मागं बसून काय करतात, हे घरात कुणी विचारलंही नाही.

दिवाळीच्या साफसफाईत श्रीशैलनं वायरी ओढल्या आणि मी त्याच्या हातात आलो. माझं तोंड लालभडक. तो रागानं आईकडं निघाला. कल्याणप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"नगं सांगू तिला. मायेनं केलंय तिनं."

दात घासायच्या जुन्या ब्रशनं मला साफ केलं आणि मी लगेच चालू झालो. पडद्यावर उमादेवी, मांडीवर बाळ. प्रेमाबाईंना खुर्चीत आणून बसवलं. त्यांनी काचेला नाक लावलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग तळहात काचेवर टेकवला.

उमादेवी रडता रडता हसली. तिनं बाळाची मूठ उघडून तो चिमुकला तळहात तसाच समोर धरला. तिला वाटलं, आईनं नाव ठेवलं. आजही त्या घरात उघडा तळहात दाखवला की ती नात.

प्रेमाबाईंनी नाव ठेवलं नव्हतं, मित्रांनो. त्यांना काहीच दिसलं नव्हतं. लेक कुठं आहे, ते त्या चाचपत होत्या.

आता नव्या कॉम्प्युटरला माझी गरज नाही. मी देव्हाऱ्याच्या फळीवर पडून असतो. माझ्या फटीत थोडं कुंकू अजून आहे. आमची पूजा कोरड्या हातानं करा, एवढं सांगतो. आणि घरात ज्याला बोलता येत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याचे हात काय करताहेत ते बघा. आमच्या घरात एकानं जरी बघितलं असतं, तर आजीनं नातीचं नाव डोळ्यांनी बघून ठेवलं असतं.