मुरमाडातला घेवडा

"ए पोरी, रानात साखर पेरतीस व्हय?" सगुणाबाईनं बांधावरनंच आवाज टाकला.

सून वैष्णवी सरीत वाकून पांढरे दाणे मातीत मिसळत होती. "साखर न्हाई, आत्याबाई. ह्ये दाणं पावसाचं पाणी पिऊन फुगत्यात. माती वाळली की मुळास्नी थोडं थोडं पाजत्यात."

"आमच्या भावकीत लई हाईत असं. पित्यात, फुगत्यात, पाजत मातुर न्हाईत कुणाला!"

कामथडीच्या त्या रानाचे मग सगुणाबाईनं तिथंच दोन वाटे केले. वरचा मुरमाड सुनेचा, तिच्या दाण्यांसकट; खालची काळी तिची स्वतःची, दाण्यांवाचून. दोन्हीकडं एकाच दिवशी घेवडा टोकला. पाऊसही बरा झाला. वेल गुडघ्याला लागले आणि पावसानं जी दडी मारली, ती बावीस दिवस. काळीला भेगा पडल्या, फुलं गळायला लागली.

वैष्णवी नसरापूरच्या बाजाराला गेली तशी सगुणाबाईनं हंडा उचलला. हापशावरनं खेपा सुरू. सातव्या खेपेला शेजारचा गोरख दिसला.

"वयनी, रान भिजवायचं, आन हंड्यानं?"

"सुनंला बोललास तर बघ!"

पण भेगांनी पाणी गटकन गिळलं, वेल काही मान वर करीना. कमरेत कळ आली, तशी ती टेकायला मुरमाडावर गेली. तिथली पानं उन्हानं मलूल होती, पण फुलं जागच्या जागी. तिनं बोटानं मुळाशी उकरलं. गारेगार, भिजल्या साबुदाण्यागत गोळे हाताला लागले. तिनं हळूच माती पुन्हा सारखी केली.

"आत्याबाई?"

वैष्णवी पिशवी घेऊन मागं उभी. तिनं सासूचं भिजलेलं लुगडं बघितलं, हंडा बघितला. सगुणाबाईला वाटलं, आता ही हसणार.

वैष्णवीनं पिशवी खाली ठेवली. "सगळं न्हाई वाचायचं. बांधालगतच्या चार वळी धरू. तुमी बसा, मी आणते."

"बसतीय कशाला? दोघी आणू."

दिवस मावळेपर्यंत दोघींनी खेपा घातल्या. चारच वळी जगल्या. तोडणीला काळीतनं एक पोतं निघालं, मुरमाडातनं तीन. सगुणाबाईनं पोत्यांची तोंडं स्वतः शिवली.

"पुढल्या साली काळीत बी टाकू त्ये दाणं," ती सुई ओढत म्हणाली. "पर पेरीन मी. तुजा हात लई सैल हाय."